सफाईचा पॅच तपासताना: लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरसाठी

सफाईचा पॅच म्हणजे कोड नुसता नीटनेटका करणारा बदल. त्याच्या कमिट मेसेजच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाच्या, शेवटी "वागणुकीत काहीही बदल नाही" असं वाक्य दिसलं की रिव्ह्यू करणाऱ्याचं खरं काम सुरू होतं. पॅच लिहिणाऱ्याने तिथे एक वचन दिलेलं असतं. ते पाळलं गेलंय का, एवढंच आपल्याला बघायचं असतं. कोड आधीपेक्षा देखणा झाला की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

बडोद्यातली इंजिनिअरिंगची मुलंमुली कर्नलमध्ये शिरतात ती बहुतेक वेळा स्टेजिंगच्या दारातून. अर्धवट दर्जाचे ड्रायव्हर नीट होईपर्यंत ठेवायला २००८ पासून कर्नलमध्ये ही वेगळी जागा आहे. प्रत्येक ड्रायव्हरसोबत काय करायचं राहिलंय याची 'टूडू' फाइल असते, त्यामुळे नवख्याला काम शोधत फिरावं लागत नाही. घरी मराठी, वर्गात गुजराती आणि पॅच इंग्रजीत, असा इथला रोजचा मामला असतो. म्हणून मेंटेनरकडे (त्या भागाचे पॅच स्वीकारणाऱ्याकडे) पाठवण्याआधी एकमेकांचे पॅच आपल्या भाषेत तपासून घेणं फायद्याचं ठरतं. १८९० साली याच गावात कलाभवन सुरू झालं तेव्हा तंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवायची हाच आग्रह होता. तो आजही बरोबर वाटतो.

ड्रायव्हरची सफाई इतर कोडच्या सफाईपेक्षा जास्त जोखमीची असते, कारण कोडच्या पलीकडे एक चिप बसलेली असते आणि ती कंपायलरला दिसत नाही. रजिस्टर (चिपमधली छोटी नोंदीची जागा) वाचल्याने चिपच्या आत काही घडतं का, दोन राइटच्या मध्ये किती वेळ थांबावं लागतं, हे सी भाषेच्या नियमांत कुठेच लिहिलेलं नसतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये पंधरा वर्षं जुनं सिरियल कार्ड अजून चालू असू शकतं. पॅच लिहिणाऱ्याकडे ते कार्ड नसतं आणि आपल्याकडेही नसतं. तेव्हा हाती उरतं ते काळजीपूर्वक वाचन.

आधी पॅच लावून बांधून बघा

पॅच ईमेलने येतात, पण नुसता ईमेल वाचून रिव्ह्यू करू नका. बी४ हे ईमेलमधून पॅच उचलणारं साधन असेल तर 'बी४ शॅझॅम'ला मेसेज आयडी द्या, पूर्ण मालिका तुमच्या ब्रँचवर लागेल. पॅच ज्या ट्रीसाठी (कर्नल कोडच्या प्रतीसाठी) आहे त्याच ट्रीवर लावा: स्टेजिंगचा असेल तर स्टेजिंग-नेक्स्ट, नेटवर्कचा असेल तर नेट-नेक्स्ट. मुख्य ट्रीवर लागला पण मेंटेनरच्या ट्रीवर लागला नाही, हे नेहमीचं दुखणं आहे. बहुतेक वेळा तीच ओळ दुसऱ्या कुणीतरी आधीच बदललेली असते.

मग कॉन्फिग, म्हणजे कर्नलचे कोणते भाग बांधायचे याची यादी, बघा. इथे फसगत होते. कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर बंद असेल तर त्या फोल्डरवर मेक (बिल्ड करणारी आज्ञा) चालवल्यावर एकही एरर येत नाही, कारण काही बांधलंच जात नाही. "माझ्याकडे बिल्ड होतं" असं लिहिणाऱ्या कित्येकांची चूक हीच असते. बिल्ड झाल्यावर डॉट-ओ फाइल (कंपाइल झालेली ऑब्जेक्ट फाइल) खरंच तयार झाली का आणि तिची वेळ आत्ताची आहे का, हे डोळ्यांनी बघा. दुसऱ्या आर्किटेक्चरचा ड्रायव्हर असेल तर कॉन्फिगमधला 'कंपाइल टेस्ट' हा पर्याय चालू करा, बरेच ड्रायव्हर त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवरही बांधता येतात.

बिल्ड करताना मेकला डब्ल्यू=१ द्या, म्हणजे जादाच्या वॉर्निंग दिसतील. स्पार्स हे कोड तपासणारं साधन बसवलेलं असेल तर सी=१ ने नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासल्या जातात आणि सी=२ ने सगळ्या. आकडा लक्षात ठेवण्यासारखा एकच: पॅचच्या आधी किती वॉर्निंग होत्या आणि नंतर किती. वाढल्या असतील तर कारण विचारा. कमी झाल्या असतील तर कशा कमी झाल्या ते बघा, त्याबद्दल पुढे येईलच.

मालिका असेल तर प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे बांधला गेला पाहिजे. गिट रिबेसला --एक्झेक देऊन मेक चालवलं की प्रत्येक टप्प्यावर बिल्ड होतं. तिसऱ्या पॅचमध्ये मोडलेलं चौथ्यात दुरुस्त केलेलं असेल, तर पुढे बायसेक्ट करत (कमिटची यादी अर्धी-अर्धी करत) चूक शोधणारा माणूस बरोबर त्या तिसऱ्यावर अडकतो. असा पॅच परत पाठवा.

चेकपॅच ही कर्नलची शैली तपासणारी स्क्रिप्ट शेवटी चालवा, --स्ट्रिक्ट लावून. ते शैली सांगतं, शहाणपण सांगत नाही. ओळीच्या लांबीबद्दलची त्याची वॉर्निंग २०२० पासून १०० अक्षरांच्या पुढे येते, तरी ८० ची पसंती कायम आहे. ८५ अक्षरांची ओळ तोडून तीन विद्रूप तुकडे केले असतील तर "आधीचीच बरी होती" असं बेधडक लिहा.

नुसत्या मोकळ्या जागा आणि नावं बदलणारे पॅच

टॅब, स्पेस, कंस एवढंच बदललं असेल तर वाचत बसण्याआधी मशीनकडून खात्री करून घ्या. 'गिट शो -डब्ल्यू' ने मोकळ्या जागांचे बदल लपतात आणि उरलेलं दिसतं. पण हा पर्याय अवतरणचिन्हांच्या आतल्या जागाही लपवतो. लॉगमध्ये छापल्या जाणाऱ्या वाक्यातली एखादी स्पेस उडाली तर इथे ती दिसणार नाही.

त्यापेक्षा भक्कम उपाय म्हणजे ऑब्जेक्ट फाइलची तुलना. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये 'ऑब्जडिफ' आहे. पॅचच्या आधीच्या कमिटवर बांधा, 'रेकॉर्ड' चालवा. पॅच लावून पुन्हा बांधा, पुन्हा 'रेकॉर्ड', मग 'डिफ'. काहीच फरक आला नाही तर वचन सिद्ध झालं, दहा मिनिटांत सही द्यायला हरकत नाही. डीबग इन्फो आधी बंद करा, नाहीतर ओळींचे नंबर बदलल्यामुळे पानंच्या पानं फरक दिसतो. वॉर्न_ऑनसारखे मॅक्रो ओळीचा नंबर सोबत ठेवतात, तेवढा फरक उरला तर तो समजून सोडून द्या.

कॅमलकेस (मधेच मोठी अक्षरं असलेली) नावं बदलून छोट्या अक्षरांची करणारे मोठाले पॅच येतात. सातशे ओळी डोळ्यांनी वाचल्या की चारशेनंतर डोळा काहीच पकडत नाही. त्याऐवजी मूळ ट्रीवर तेच नाव तुम्ही स्वतः सेड या शोधून-बदलणाऱ्या साधनाने बदला आणि तुमचा निकाल पॅचशी ताडून बघा. जे जुळत नाही तेवढंच वाचायचं. तिथेच काहीतरी चोरपावलांनी घुसलेलं असतं. कोड एका जागेहून दुसरीकडे हलवला असेल तर गिटचा --कलर-मूव्हड वापरा. हलवता हलवता बदललेली ओळ वेगळ्या रंगात उठून दिसते.

"न वापरलेलं" व्हेरिएबल

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सफाई ही, म्हणून इथे जरा थांबू.

इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे चिपने हाक दिल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, अशी ओळ असते:

टेम्प = रीडएल(बेस + इंट_स्टेटस);

रीडएल रजिस्टर वाचतं, राईटएल त्यात लिहितं. टेम्प पुढे कुठेच वापरलेलं नसतं. डब्ल्यू=१ वर कंपायलर सांगतो की व्हेरिएबलला किंमत दिली पण ती वापरली नाही. नवखा माणूस व्हेरिएबल काढतो आणि त्यासोबत अख्खी ओळही काढतो. वॉर्निंग गेली, बिल्ड स्वच्छ, चेकपॅच खूश.

आता चिपच्या बाजूने बघा. अनेक चिपमध्ये स्टेटस रजिस्टर वाचलं की आपोआप साफ होतं. ते वाचणं हीच "निरोप मिळाला" अशी पोच असते. ओळ गेली की पोच गेली, इंटरप्ट लाइन तशीच उचललेली राहते, हँडलर पुन्हा पुन्हा बोलावला जातो आणि काही वेळा कर्नल ती लाइनच बंद करून टाकतो. दुसरी शक्यता पीसीआयची, म्हणजे कार्ड जोडणाऱ्या बसची. तिथे राईटएलने लिहिलेलं लगेच चिपपर्यंत पोचेलच असं नाही, ते वाटेत थांबू शकतं. त्याच उपकरणावर एक रीड केलं की आधीचं लिखाण पुढे ढकललं जातं. इंटरप्ट बंद करण्याच्या राइटनंतर जे "निरर्थक" रीड दिसतं ते बहुतेकदा यासाठीच असतं. ते काढलं तर ड्रायव्हर शंभरातून एखाद्या वेळीच बिघडेल, आणि असा बिघाड शोधायला महिना जातो.

बरोबर सफाई अशी: व्हेरिएबल काढा, रीड ठेवा. 'रीडएल(बेस + इंट_स्टेटस);' एवढीच ओळ चालते, कंपायलर ती उडवत नाही. तिच्या डोक्यावर कारण सांगणारी एक ओळ कॉमेंट हवी. कारण माहीत नसेल तर तेही लिहावं: "हे रीड मूळ कोडमध्ये होतं, हार्डवेअरवर तपासलेलं नाही, म्हणून ठेवलं आहे." खोटी कॉमेंट मात्र खपवून घेऊ नका. मेमरी बॅरियरला कॉमेंट नाही म्हणून चेकपॅच कुरकुरतं, मग लोक वर "मेमरी बॅरियर" एवढंच लिहून मोकळे होतात. बॅरियर कोणत्या दोन गोष्टींचा क्रम राखतो ते त्यात आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर वॉर्निंग राहू दे, ती खरं बोलते.

हाच नियम पीसीआय कॉन्फिगच्या आणि आयटूसीच्या (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या बसच्या) रीडला लावा. कुठलंही रीड काढलेलं दिसलं की डेटाशीटमध्ये (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रात) त्या रजिस्टरचं पान उघडा. डेटाशीट मिळत नसेल तर रीड राहील, चर्चा संपली.

थांबण्याच्या ओळी

चेकपॅच सुचवतं की यूडिलेऐवजी यूस्लीप_रेंज वापरा. १० मायक्रोसेकंद ते २० मिलिसेकंद या पट्ट्यासाठी सल्ला योग्य आहे, पण एका अटीवर. यूडिले सीपीयूला जागेवर फिरवत ठेवतं, यूस्लीप_रेंज झोपवतं. स्पिनलॉक (वाट बघताना न झोपणारं कुलूप) धरलेला असताना, इंटरप्ट हँडलरमध्ये, टायमरच्या कॉलबॅकमध्ये झोपणं चालत नाही. चेकपॅचला एक ओळ दिसते, ते फंक्शन कुठून बोलावलं जातं ते दिसत नाही.

म्हणून अशा पॅचमध्ये बदललेल्या ओळीपेक्षा तिच्या वरचा रस्ता तपासायचा. फंक्शनचे सगळे कॉलर (त्याला बोलावणारी फंक्शनं) शोधा, त्यांचेही कॉलर, जोपर्यंत प्रोब (उपकरण सापडल्यावर चालणारं फंक्शन), आयओसीटीएल, वर्कक्यू अशा झोप चालणाऱ्या जागी पोचत नाही तोपर्यंत. वाटेत एखादा स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह लागला की पॅच नापास. ही वाट कमिट मेसेजमध्ये लिहिलेली असावी, नसेल तर मागा. चालवून बघायची सोय असेल तर डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा कॉन्फिग चालू ठेवा, चुकीच्या जागी झोपलात की कर्नल लॉगमध्ये लगेच बोंब मारतो.

यूस्लीप_रेंजचे दोन्ही आकडे सारखे दिले असतील तर तेही परत पाठवा. मधली सैल जागा असते म्हणून तर कर्नलला दोन टायमर एकत्र उठवता येतात. कमी बाजूचा आकडा जुन्या यूडिलेइतका तरी हवाच, चिपची गरज तीच आहे.

रिटर्न व्हॅल्यू उलटवताना

रिअलटेकच्या वायफाय ड्रायव्हरमध्ये, उदाहरणार्थ स्टेजिंगमधल्या आरटीएल८७२३बीएसमध्ये, यश म्हणजे १ आणि अपयश म्हणजे ० अशी जुनी रीत आहे. कर्नलची रीत उलट: यश ०, अपयश ऋण एररकोड. ही दुरुस्ती करावीच, पण एका वेळी एकच फंक्शन घ्यावं, आणि त्याच पॅचमध्ये त्याचा प्रत्येक कॉलर उलटवावा. एक जरी कॉलर राहिला तरी तिथे यश हेच अपयश ठरतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही कारण दोन्ही बाजूंना इंट (पूर्णांक) हाच टाइप आहे.

तपासताना पॅचमधले कॉलर मोजू नका. ट्रीमध्ये गिट ग्रेप करून (नाव शोधून) मोजा आणि मग पॅचशी आकडा जुळवा. फंक्शन पॉइंटरच्या टेबलात ते नाव आहे का तेही बघा, तिथून होणारा कॉल ग्रेपला नावाने सापडत नाही. उणे एक परत करणाऱ्या ओळी बदलतानाही सांभाळून: उणे १ म्हणजे कर्नलच्या भाषेत 'परवानगी नाही' हा एरर. तो युझरस्पेसपर्यंत (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांपर्यंत) जात असेल तर बदल बाहेर दिसतो, मग ती सफाई राहत नाही. तसं कमिट मेसेजमध्ये स्पष्ट लिहून घ्या.

डेव्हएमकडे वळवणं

डेव्हएम म्हणजे मेमरी, इंटरप्ट अशी साधनं उपकरणाला बांधून देणारी कर्नलची फंक्शनं. ती वापरली की साधनं आपोआप परत जातात, एरर आल्यावर सगळं सोडत जाणाऱ्या गोटूंच्या रांगा कमी होतात. पॅच वाचायला सुंदर दिसतो. धोका क्रमाचा आहे. उपकरण काढताना आधी रिमूव्ह फंक्शन पूर्ण चालतं, आणि त्यानंतर डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात.

समजा आयआरक्यू (इंटरप्ट लाइन) डेव्हएमने घेतला, पण बफर साध्या केझॅलॉकने घेतलाय आणि रिमूव्हमध्ये केफ्री केलाय. तर बफर गेल्यानंतरही हँडलर काही क्षण जिवंत असतो. तेवढ्यात इंटरप्ट आला की मोकळ्या केलेल्या मेमरीत हात. चिपचं घड्याळ (क्लॉक) बंद केल्यावर रजिस्टर वाचलं जाण्याचा धोकाही असाच. म्हणून कागदावर दोन स्तंभ काढा: प्रोबमध्ये घेण्याचा क्रम आणि सुटण्याचा क्रम. दुसरा पहिल्याच्या बरोबर उलटा आला पाहिजे. अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने असेल, तर हाताने सोडायच्या गोष्टी सगळ्या डेव्हएमच्या नंतर घेतलेल्या असाव्यात. वाटून घेतलेल्या आयआरक्यूसाठी डीबग_एसएचआयआरक्यू हा कॉन्फिग आहे. तो हँडलर सोडताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो आणि अशा चुका लगेच उघड्या पडतात.

आणखी एक. युझरने डिव्हाइस फाइल उघडी ठेवलेली असताना उपकरण काढलं गेलं, तर डेव्हएमने दिलेली मेमरी निघून जाते आणि फाइल उघडीच राहते. कॅरॅक्टर डिव्हाइसवाल्या ड्रायव्हरमध्ये हा प्रश्न न विचारता सही करू नका.

प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यूनंतरचा एरर छापणारा मेसेज काढणं मात्र सुरक्षित आहे, ५.४ पासून ते फंक्शन स्वतःच छापतं.

स्ट्रक्ट, मास्क, स्ट्रिंग

स्ट्रक्ट बदललेलं दिसलं की आधी ठरवा: ते चिपशी किंवा युझरस्पेसशी वाटून घेतलेलं आहे का? डीएमए डिस्क्रिप्टर (चिप स्वतः मेमरीतून वाचते तो तक्ता) असेल तर त्यातलं 'रिझर्व्हड' फील्ड काढता येत नाही, क्रम बदलता येत नाही, यू८ चं बूल करण्यातही अर्थ नाही.

स्पार्सच्या एंडियन (बाइटच्या क्रमाबद्दलच्या) वॉर्निंग कमी झालेल्या दिसल्या तर कशाने गेल्या ते बघा. खरा उपाय म्हणजे टाइप योग्य करणं आणि जिथे हवं तिथे ले३२_टू_सीपीयू लावणं. नुसता __फोर्स कास्ट टाकून गप्प केलेली वॉर्निंग म्हणजे झाकलेली चूक.

जेनमास्क या बिटांचा मास्क बनवणाऱ्या मॅक्रोमध्ये मोठा बिट आधी येतो: ०xएफ० म्हणजे जेनमास्क(७, ४). असे बदल ऑब्जडिफने तपासायला सर्वांत सोपे, आकडा तोच राहिला तर मशीन कोडही तोच राहतो.

स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनांपैकी एसटीआरएलसीपीवाय २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून काढून टाकलं गेलं. एसटीआरएनसीपीवाय बदलून एसटीआरएससीपीवाय करणारे पॅच अजून येतात. एसटीआरएनसीपीवाय उरलेली जागा शून्यांनी भरतं, एसटीआरएससीपीवाय भरत नाही. तो बफर पुढे युझरस्पेसला कॉपी होत असेल तर जुन्या मेमरीतले तुकडे बाहेर जातील. तिथे _पॅड लावलेलं रूप मागा.

शेरा कसा लिहावा

"हे चूक आहे" याने कुणाचंच भलं होत नाही. ओळ, कारण आणि पुढची पायरी, तिन्ही द्या. आपसातला शेरा असा असावा: "अगं, या ओळीतलं रीड ठेव, फक्त टेम्प काढ. स्टेटस रजिस्टर वाचल्यावर साफ होतं का ते डेटाशीटमध्ये बघ आणि दोन ओळींत कमिट मेसेजमध्ये लिही." शिकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं, आणि "दादा, पण कंपायलर तर सांगत होता" हा प्रश्न विचारायला तिला संकोच वाटत नाही.

एका पॅचमध्ये इंडेंटेशन, नाव बदल आणि एक खरी दुरुस्ती असं सगळं मिसळलेलं असेल तर तुकडे करून मागा, आणि दुरुस्ती सर्वांत आधी ठेवायला सांगा. जुन्या स्थिर आवृत्त्यांत फक्त तीच उचलायची असते. 'फिक्सेस' टॅग त्या एकाच पॅचला लागतो, चूक आणणाऱ्या कमिटच्या आयडीच्या पहिल्या १२ अक्षरांसह. निव्वळ शैलीच्या पॅचला तो नको.

दुसरी आवृत्ती आली की पहिल्यापासून पुन्हा वाचू नका, 'गिट रेंज-डिफ' चालवा. तुम्ही मागितलेलं झालं का, आणि न मागितलेलं काही आलं का, दोन्ही दिसतं. काय बदललं याची यादी तीन डॅशच्या रेघेखाली असावी, कमिट मेसेजमध्ये नाही.

'रिव्ह्यूड-बाय' देताना तुम्ही तो बदल समजून तपासला, असं जाहीर करत असता. तीन पॅच कळले आणि दोन कळले नाहीत तर तिघांनाच द्या. हार्डवेअर कुणाकडेच नसेल तर "फक्त कंपाइल करून तपासलं" ही ओळ पॅचमध्ये असलीच पाहिजे. ती ओळ असलेल्या पॅचमध्ये रीड काढणं, थांबण्याचं फंक्शन बदलणं किंवा डेव्हएमकडे वळवणं यांपैकी काही असेल, तर ज्याच्याकडे ते कार्ड आहे असा माणूस मिळेपर्यंत पॅच थांबू द्या.